जॉर्जियात जेवायला बसण्याआधीची तयारी

तिबिलिसीत उतरण्याआधी दोन शब्दप्रयोग मोबाइलमध्ये लिहून ठेवा: 'खोर्त्सिस गारेशे', म्हणजे मांसाशिवाय आणि 'क्वेर्त्स्खिस गारेशे', म्हणजे अंड्याशिवाय. शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. मातीच्या भांड्यातला राजम्याचा लोबियो, सोबत म्चादी म्हणजे मक्याची भाकरी आणि लोणची, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालक-बिटाची प्खाली एवढ्यात पोट भरतं. ईस्टरआधीच्या उपवासात 'सामार्ख्वो' पदार्थ विचारा. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मात्र अक्रोडाची अ‍ॅलर्जी असेल तर प्रत्येक पदार्थाची चौकशी करा, कारण तो वाटणात विरघळलेला असतो आणि दिसत नाही. लसूणही सढळ हाताने घालतात.

खिंकाली नगावर मागवतात. पहिल्या खेपेला माणशी तीन-चार पुरे. दिसायला उकडीच्या मोदकासारखी, पण मांसाच्या खिंकालीत कढत रस असतो. त्यामुळे काटा लावू नका, भोक पडलं की रस ताटात जातो. शेंडी धरून उचला, कडेला छोटा चावा घ्या, आधी रस ओढून घ्या, मग बाकीची खा. शेंडीचं पीठ जाड असल्याने कच्चट राहतं. ती ताटात ठेवायची. खिम्यात बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं. चालत नसेल तर बटाटा, मशरूम किंवा चीजची मागवा. त्यांत रसाची अपेक्षा नको.

होडीच्या आकाराची अजारुली खाचापुरी, म्हणजे चीज घातलेला पाव, दोघांत एक घ्या. समोर येताच अंडं, लोणी आणि चीज काट्याने ढवळा आणि कडेचा पाव तोडून त्यात बुडवा. फोटो काढत बसलात तर चीज घट्ट होतं आणि अंडं शिजायचं राहतं.

कुणाकडे सुप्राचं, म्हणजे मेजवानीचं आमंत्रण असेल तर दुपारी हलकंच खा. ताटल्या रिकाम्या होण्याची वाट न बघता नव्या येतात, जागा संपली की एकीवर एक रचतात. पहिल्याच खाचापुरीवर ताव मारणारा म्त्स्वादीपर्यंत, म्हणजे शेगडीवर भाजलेल्या मांसापर्यंत, पोचत नाही. वाइन मनाला येईल तेव्हा पिऊ नये: तामादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, टोस्ट म्हणतो, तो संपल्यावर 'गाउमार्जोस' म्हणून प्यायची. त्याने 'अलावेर्दी' म्हणून तुमच्याकडे पाहिलं, तर त्याच विषयावर तुम्ही बोलायचं. पाहुणचार, आईवडील, दिवंगत माणसं हे विषय हमखास येतात, तेव्हा दोन-दोन वाक्यं तयार ठेवा. पीत नसाल तर बसतानाच सांगा आणि तारखुनाचं हिरवं सरबत ग्लासात घ्या. मध्येच नकार दिला की आग्रह वाढतो. कान्त्सी हे वाइन पिण्याचं शिंग हातात घेताना विचार करा. ते टेबलावर उभं राहत नाही, म्हणून रिकामं करूनच खाली ठेवावं लागतं. क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या रांजणात मुरलेली पांढऱ्या द्राक्षांची वाइन सालींसह आंबवल्यामुळे केशरी आणि तुरट असते. ती खराब समजून परत करू नका. चाचा मात्र कडक दारू. घरगुती असेल तर जपूनच.

बिलात सेवाशुल्क आधीच लावलेलं आहे का बघा, मग टिप ठरवा. खेड्यांसाठी सुटे लारी (इथलं चलन) जवळ असू द्यात. रस्त्याकडेला टांगलेली चुर्चखेला, म्हणजे दोऱ्यात ओवून द्राक्षरसाच्या घट्ट पाकात बुडवलेली अक्रोडांची माळ, घेतलीत तर खाण्याआधी मधला दोरा ओढून काढा.