मोटरचा करंट आपला आपण कसा मोजायचा

आमच्या तासगाव भागात द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर मोटर जळाली की बागेचं पाणीच तुटतं, माझी गेल्या वर्षी एक फेज गेला आणि जळाली, रिवाइंडिंग होऊन परत विहिरीत सोडेपर्यंत जीव टांगणीला, तेव्हाच ठरवलं की करंटवर आपलं लक्ष पाहिजे.

सामान थोडंच आहे. अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा बोर्ड), एससीटी-०१३-००० क्लॅम्प सेन्सर (वायरभोवती चिमट्यासारखा बसून करंट मोजतो, १०० अँपला ५० मिलिअँप देतो), ३३ ओहमचा एक रेझिस्टर, १० के (१० हजार ओहम) चे दोन, आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आधी ३३ ओहम सेन्सरच्या दोन वायरींमध्ये पक्का जोडा, लाइनवर क्लॅम्प त्यानंतरच. मोकळ्या टोकांनी अडकवला तर तिथं धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं. उनोला मायनस व्होल्टेज वाचता येत नाही, म्हणून दोन्ही १० के ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये एकापुढं एक लावून मधे अडीच व्होल्ट काढायचे, तिथं सेन्सरची एक वायर, तिथूनच ग्राउंडला कपॅसिटर, आणि दुसरी वायर उनोच्या ए-० पिनला, तिथं तो व्होल्टेज वाचतो.

आता स्टार्टर. मेन स्विच बंद करा, टेस्टरनं तिन्ही फेज बघा, मगच हात घाला. क्लॅम्प एकाच फेजच्या वायरवर बसवायचा, अख्ख्या केबलवर बसवला तर तिन्ही करंट एकमेकांना मारतात आणि रीडिंग जवळपास शून्य येतं, माझी एक अख्खी दुपार यात गेली. दुसरं म्हणजे ५ एचपीची मोटर साधारण ७ अँप घेते आणि या जोडणीत उनोच्या रीडिंगची सगळ्यात लहान पायरीच ०.३ अँपची, आकडा नाचत राहतो, त्यामुळं वायरचे तीन वेढे क्लॅम्पमधून घ्या आणि आलेल्या उत्तराला ३ नं भागा.

प्रोग्रॅममध्ये २०० मिलिसेकंद रीडिंग घ्यायची, म्हणजे ५० हर्ट्झच्या बरोबर १० सायकल. त्यांची सरासरी प्रत्येकातून वजा, वर्ग, वर्गांची सरासरी, वर्गमूळ. त्याचे व्होल्ट करून ६०.६ नं गुणा (२००० भागिले ३३). शेवटी क्लॅम्प मीटरशी ताडून हा ६०.६ चा आकडा थोडा मागंपुढं करा.

सुरुवातीचे काही सेकंद सोडून द्या, मोटर चालू होताना करंट पाच-सहा पट ओढते. नंतर शून्य आलं तर क्लॅम्प बसवलेला फेजच गेला, एकदम दीडपटीच्या वर गेलं तर बहुतेक बाकीच्या दोनपैकी एक गेला, आणि नेहमीपेक्षा बरंच खाली आलं तर विहिरीतलं पाणी संपलंय, लगेच मोटर बंद करा.