हायफन आणि डॅश: या चुका टाळा

इंग्रजी मजकूर तपासायला आला की मी आधी त्यातल्या आडव्या रेघा बघतो, स्पेलिंग नंतर. कीबोर्डवर बटण एकच, म्हणून सगळीकडे तेच बडवलेलं असतं. हायफन शब्द जोडतो. त्याहून जरा लांब तो एन डॅश, तो 'पासून-पर्यंत' सांगतो: पानं ४५–५२. सगळ्यात लांब एम डॅश, तो वाक्य मध्येच तोडतो. समजायला पाच मिनिटं पुरतात, पण तेवढीही कोणाला काढायची नसतात.

सर्वांत महागात पडते ती 'रिप्लेस ऑल'ची घाई. पीएचडीच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या गाइडनी सांगितलं, संदर्भसूचीत पानांच्या आकड्यांमध्ये एन डॅश हवा. सल्ला बरोबरच होता. पठ्ठ्याने फाइंडमध्ये हायफन टाकला, रिप्लेसमध्ये एन डॅश आणि अख्ख्या प्रबंधावर 'रिप्लेस ऑल' मारलं. पानांचे आकडे झकास झाले. पण 'वेल-नोन'मधला हायफन गेला, आयएसबीएनमधले, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकातले गेले, डीओआयच्या, म्हणजे ऑनलाइन लेखाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाच्या लिंकमधलेही गेले. नुसत्या डोळ्यांना फरक कळेना, स्पेलचेकही गप्प. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी चिन्हं, त्यामुळे लिंक उघडायला गेलं की पान सापडत नाही. फाइल बंद करून झालेली, म्हणजे कंट्रोल-झेडची सोय संपली. उलटं रिप्लेस करावं तर आता बरोबर असलेले एन डॅशही जाणार. शेवटी सूचीतली एकेक नोंद मूळ लेखाशी ताडत बसावं लागलं. त्यातही साहेबांचा प्रश्न: "सर, याला काही शॉर्टकट नाही का?" शॉर्टकटनेच तर हे झालं होतं!

मी 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक रेघ बघतो आणि पटली तरच बदलतो. वेळ जातो, जाऊ दे. विंडोजवरच्या वर्डमध्ये रेघ ओळखता येत नसेल तर तिच्या लगेच पुढे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स दाबा. २०१३ उमटलं तर एन डॅश, २०१४ उमटलं तर एम डॅश. मग कंट्रोल-झेड करून रेघ परत आणा.

दुसरी चूक खास आपली. 'दोन-तीन दिवस लागतील' हे मराठीत फक्कड वाटतं, म्हणून मेलमध्ये सर्रास 'टू-थ्री डेज' जातं. इंग्रजीत तिथे 'टू ऑर थ्री डेज' लिहितात. आई-वडिलांचं 'मदर-फादर' करणारेही याच पंथातले. सरळ 'पेरेंट्स' लिहा ना.

'फ्रॉम २०१५' लिहिलं की पुढे 'टू'च हवं, डॅश नको. 'बिटवीन' असेल तर 'अँड'. 'एल-वाय'ने संपणाऱ्या 'हायली'सारख्या क्रियाविशेषणांपुढे हायफन लावू नका.

'ओल्ड फर्निचर डीलर' म्हणजे म्हातारा दुकानदार की जुन्या फर्निचरचा व्यापारी? दुसरा अर्थ हवा असेल तर 'ओल्ड' आणि 'फर्निचर' यांच्यात हायफन द्या.

कोणत्या शब्दात हायफन आहे हे घरातल्या जुन्या डिक्शनरीत बघू नका. शॉर्टर ऑक्सफर्डने २००७च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. 'आइस क्रीम' तेव्हाच सुटं झालं.

एम डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची का, यावर लोक उगाच भांडतात. शिकागो या अमेरिकी लेखनशैलीत सोडत नाहीत. बरेच ब्रिटिश प्रकाशक त्याऐवजी एन डॅश वापरतात आणि दोन्हीकडे जागा सोडतात. कुठलंही एक धरा, फक्त पान १२वर एक आणि पान १३वर दुसरं नको.

आणि संगणकाच्या कमांड वर्डमध्ये लिहून ठेवणाऱ्यांनो, दोन हायफन जोडून टाइप केले की वर्ड परस्पर त्यांचा डॅश करून टाकतो. ती कमांड तशीच टर्मिनलमध्ये चिकटवली की एरर येते आणि तुम्ही तासभर इन्स्टॉलेशनला शिव्या घालत बसता. कमांड नोटपॅडमध्ये ठेवा.