छत्रपती संभाजीनगरचे जुने शहर पायी कसे पाहावे

वेरूळ-अजिंठ्यासाठी येणारे बहुतेक पर्यटक छत्रपती संभाजीनगरात मुक्कामापुरते उतरतात आणि फार तर बिबी का मकबरा पाहून परततात. जुन्या शहरासाठी सुट्टीतला एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे यांपैकी एखादा वार शहरासाठी धरल्यास सहलीचे वेळापत्रक सहज जुळते. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस यासाठी उत्तम. मे महिन्यात मात्र सकाळी दहानंतर पायी फिरण्याचा हट्ट धरू नये.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी हे शहर वसवले. पुढे औरंगजेबाच्या काळात ते मोगलांच्या दख्खनेतील कारभाराचे केंद्र झाले आणि १६८२ च्या सुमारास त्याभोवती तट उभा राहिला. तटाचा बराच भाग आता उरलेला नाही. लहानमोठ्या ५२ दरवाजांपैकीही थोडेच शिल्लक आहेत. तरीही येथे पत्ता सांगताना आजही दरवाजांची नावेच घेतली जातात, म्हणून एका वेळी दोन ठिकाणे ठरवून त्यांच्यामधला भाग पायी पाहावा. सगळे दरवाजे एका दिवसात मोजून काढण्याच्या नादात गल्ल्या पाहायच्या राहून जातात.

सकाळी सुरुवात भडकल दरवाजापासून करावी. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२ मध्ये तो बांधला. तेथून महमूद दरवाजाकडे निघाल्यास खाम नदी ओलांडून पाणचक्कीला पोहोचता येते. पाणचक्कीत पुरेसा वेळ काढावा, कारण या शहराची खरी करामत जमिनीखाली आहे. दूरच्या डोंगराळ भागातील पाणी नहरीतून, मातीच्या नळांवाटे येथपर्यंत आणले गेले. ते उंच भिंतीवरून हौदात पडते आणि पाण्याच्याच जोरावर जाते फिरून सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. अनेकजण हौदाचे छायाचित्र काढून लगेच निघतात. त्यांनी आत जाऊन जाते पाहावे. पावसाळ्यानंतर गेल्यास हौद भरलेला दिसण्याची शक्यता अधिक असते.

दुपारी विश्रांती घ्यावी आणि उन्हे कलल्यावर पैठण दरवाजाकडून गुलमंडीत शिरावे. सुपारी हनुमानाचे मंदिर, मछली खडकची दुकाने, सिटी चौक, सराफा आणि शेवटी शहागंजचे घड्याळ हा क्रम ठेवल्यास व्यापारी शहराचा कणा एकसंध समजतो. वाहनांची दाटी असल्याने चालताना नजर समोर असावी आणि थांबायचे झाल्यास दुकानाच्या पायरीलगत थांबावे. शहागंजजवळच्या राजाबाजारात ग्रामदैवत संस्थान गणपती आहे. एकाच परिसरात मशीद, मंदिर आणि पेढी शेजारी पाहायला मिळतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदींभोवती गर्दी असते, तेव्हा तो भाग मागेपुढे करावा. घरांची आणि माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. वाट विचारताना ज्येष्ठांना ‘काका’ किंवा ‘चाचा’ म्हणावे. मराठी आणि दखनी यांचे मिश्रण सर्वत्र कानी पडते, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही.

मांसाहार करणाऱ्यांनी नान खलिया चुकवू नये. लष्करी मुदपाकातून आलेला हा पदार्थ असल्याचे सांगतात. झणझणीत रस्सा आणि तंदुरातली पिवळसर नान हीच त्याची खरी जोडी.

हिमरू हे येथील पारंपरिक विणलेले कापड घ्यायचे असेल तर घाई करू नये. रेशीम आणि सुताच्या या विणीत नक्षीचे धागे मागच्या बाजूला सैल सुटलेले असतात. म्हणून शाल उलटी करून पाहावी आणि ती हातमागाची आहे की यंत्रमागाची, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. केवळ ‘हिमरू’ या नावावर मोठी किंमत देणे, माझ्या मते, शहाणपणाचे नाही.

दिल्ली दरवाजा याच दिवसात कोंबण्याची गरज नाही. अजिंठ्याला हर्सूल मार्गे निघताना तो वाटेवरच पाहता येतो. चालकाला आधी सांगून तेथे दहा मिनिटे थांबावे.