पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर? प्रोस्टेटच्या तपासणीत या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे साठीतल्या नानांना प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "माले काय व्हयेल शे?" रात्रीतून चार-पाचदा उठणं, धार बारीक होणं, हे सगळं वयावर ढकललं जातं. मग एखाद्या दिवशी 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात पीएसए ही रक्ताची चाचणी आपोआप होऊन जाते, आकडा 4 या नेहमीच्या मर्यादेच्या वर येतो आणि मुलगा मोबाइलवर शोधून शोधून अख्ख्या घराची झोप उडवतो.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. त्याचं रक्तातलं प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. ते कॅन्सरमध्ये वाढतं, तसं वयानुसार ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. 4 ते 10 च्या दरम्यान आकडा असलेल्यांची बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणी) केली, तर साधारण चारातल्या एकालाच कॅन्सर निघतो. एवढ्या एका आकड्यावर घाबरण्याआधी रक्त कोणत्या परिस्थितीत दिलं होतं ते आठवावं.

लघवीची जळजळ चालू असताना पीएसए करणं

आपल्याकडे ही चूक फार होते, उन्हाळ्यात तर जास्तच. पारा 44-45 वर, दिवसभर शेतात किंवा एसटीत, आणि वाटेत लघवीला उतरावं लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी प्यायचं. मग जळजळ, थंडी-ताप. लॅबमध्ये गेल्यावर "आलोच आहोत तर सगळंच करून टाका". संसर्गात पीएसए कितीही वर जाऊ शकतो. आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी चाचणी) करा, औषधाचा कोर्स पूर्ण करा, आणि पीएसए किमान सहा आठवड्यांनी करा. लघवी तुंबून नळी घालावी लागली असेल, तरी डॉक्टर बहुधा तेवढंच थांबायला सांगतात.

रक्त देण्याआधी दोन दिवस शरीरसंबंध टाळायचा असतो, लांबवर सायकलही चालवायची नसते. लॅबवाला संकोचानं हे विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

चालू गोळ्या न सांगणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, कारण इथे कोणी घाबरतच नाही. प्रोस्टेटचा आकार कमी करणाऱ्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घेतल्या की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टमध्ये 3 दिसले तर डॉक्टर ते 6 च्या जागी धरतात. रिपोर्टवर मात्र 'नॉर्मल' छापलेलं असतं. ड्युटास्टेराइड पुष्कळदा लघवी मोकळी करणाऱ्या टॅम्सुलोसिनसोबत एकाच गोळीत असतं, त्यामुळे पेशंटला नाव माहीत नसतं. रिकामी स्ट्रिपच खिशात घालून न्या. टक्कल पडू नये म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हेच लागू. केस-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही सांगा. त्याच्यामुळे काही मशीनवर आकडा खोटाच कमी येतो.

दर वेळी नवी लॅब

एकदा तालुक्याच्या शिबिरात, पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्यात. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो, त्यामुळे खरंच वाढ झाली की किट बदललं, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. शक्यतो एकच लॅब धरा आणि जुने रिपोर्ट एका फाइलीत ठेवा. आकडा वर्षागणिक कसा सरकतोय, ते एका रिपोर्टवरून कळत नाही.

सोनोग्राफीला गरजेपेक्षा जास्त भरलेलं मूत्राशय

"पाणी पिऊन या" म्हटलं की माणूस शिरपूरला गाडीत बसल्यापासून बाटल्या रिकाम्या करतो, आणि धुळ्यात नंबर लागतो दोन तासांनी. मूत्राशय अति ताणलं गेलं की ते नीट आकुंचन पावत नाही, आणि लघवीनंतर आत उरलेलं प्रमाण खोटंच जास्त दिसतं. जोराची लागली असेल तर काउंटरवर सांगा, लाजू नका. लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या युरोफ्लोमेट्रीत उलटी अडचण येते: 150 मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर त्या आलेखावर भरवसा ठेवता येत नाही. त्या वेळी कुंथायचंही नाही.

सोनोग्राफीत '45 ग्रॅम' वाचून ऑपरेशनची तारीख विचारणारेही भेटतात. तरुणपणी ग्रंथी साधारण 20 ग्रॅमची असते हे खरं, पण आकार आणि त्रास यांचं गणित जुळतंच असं नाही. त्रास मोजायला सात प्रश्नांचा, 35 गुणांचा तक्ता असतो. 7 पर्यंत सौम्य, 20 पासून पुढे तीव्र. तो घरी बसून खरा-खरा भरावा, बायकोला शेजारी बसवून; रात्री किती वेळा उठलात ते तिला जास्त माहीत असतं.

बोटाची तपासणी नाकारणं

डॉक्टर गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपतात, मिनिटभराचं काम असतं. पीएसए नॉर्मल असूनही कधी कधी ग्रंथीवर कडक गाठ हाताला लागते. रक्त मात्र या तपासणीच्या आधी दिलेलं बरं.

तक्रार नसेल तर पीएसए करायचा की नाही, हे साधारण पन्नाशीनंतर डॉक्टरशी बोलून ठरवावं. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर पंचेचाळिशीपासून. सत्तरीपुढच्या, काही त्रास नसलेल्या आबांना केवळ पॅकेजात आहे म्हणून ही चाचणी करायला लावू नये.

पुन्हा केलेला पीएसएही जास्त आला, तर आता बायोप्सीच्या आधी बहुतेक ठिकाणी एमआरआय सुचवतात. बायोप्सी ठरलीच, तर हृदयासाठी चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा. त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. किती दिवस थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरतं.