पावसातल्या पोर्ट्रेटसाठी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घेताना
म्हैसमाळला श्रावणसरींत पोर्ट्रेट काढायचे असतील, तर एफ १.४च्या (खूप उजेड आत घेणाऱ्या लेन्सच्या) मोहात पडण्याआधी लेन्स उलटी करून माउंटभोवती (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कडेभोवती) बारीक रबरी रिंग आहे का ते बघा. पाणी कॅमेऱ्यात शिरायची सोपी वाट म्हणजे हा जोड, आणि रिंग ती अडवते. सोनी एफई ८५ एमएम एफ १.८ला ही रिंग आहे, कॅननच्या स्वस्त ५० एमएम एफ १.८ला नाही. कॅमेऱ्याची बॉडीही सील्ड (पाणी रोखणारी) हवी, नाहीतर उपयोग नाही. आणि हे संरक्षण भुरभुर पावसापुरतंच. जोराची सर आली की छत्री हवीच.

फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) माझं मत ८५ एमएमलाच: लांबून चेहरा भरून येतो, खोल हूडमुळे (लेन्सच्या तोंडावरच्या कडेमुळे) काचेवर थेंबही कमी पडतात. एपीएस-सीवर (त्याहून लहान सेन्सरवर) ५० एमएम पुरते.

घरी आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत कोंडू नका, बुरशी धरते. पुसून, वाळवून सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा.