कोड १०० ला कोड ८३ जोडायच्या आधी

गेल्या दिवाळीत घरात पाहुणे, प्लायवूडवर एचओची (खऱ्याच्या १/८७ मापाची) मॉडेल गाडी मस्त फिरतेय, आणि जुन्या रुळाला नवा जोडला होता बरोब्बर तिथे मागचे दोन डबे आडवे. परत ठेवले, परत आडवे. उलट दिशेने चालवली तर सुतासारखी सरळ. त्यानंतर चार रविवार मी डब्यांची चाकं बदलत बसलो, चाकांचा काही संबंधच नव्हता. आता दुसरा बोर्ड करतोय म्हणून ही यादी, निम्मी माझ्या स्वतःसाठीच.

आधी मोजा. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. १०० म्हणजे २.५४ मिमी, ८३ म्हणजे २.१ मिमी. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन्हीचा १६.५ मिमीच, म्हणून लांबून सगळे सारखेच दिसतात, डिजिटल व्हर्नियर लावा. (कोड १०० ला ८७ ने गुणलं तर २२१ मिमीचा रूळ होतो, आपल्या रेल्वेचा ६० किलोचा (मीटरला ६० किलो वजनाचा) रूळ १७२ मिमीचाच आहे. कोड ७० मात्र १५५ ला जातो, म्हणजे जवळजवळ आपला ५२ किलोचा, तो १५६. म्हणून लोक बारीक रुळाच्या मागे लागतात, आणि बोगद्यात, मागच्या लपलेल्या भागात जुना जाड तसाच ठेवतात, मग जोड आलाच.)

जागा सरळ भागात. वळणावर नको, पॉइंटला (रूळ फुटतात त्या सांध्याला) खेटून तर अजिबात नको.

जॉइनर म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची चाप. दोन उंचीचे रूळ जोडणारे तयार ट्रान्झिशन जॉइनर मिळतात पण एका कंपनीचा दुसरीच्या रुळाला बसेलच असं नाही, आणि काहींत डावा-उजवा वेगळा असतो, बघून घाला. नसतील तर कोड १०० चा साधा जॉइनर घ्या, अर्धा जाड रुळावर चढवा, उरलेला अर्धा पकडीने चेपून सपाट करा, दोन्ही माथे एका पातळीत येतील इतपत ती पट्टी वर वाकवा, आणि तिच्यावर बारीक रूळ ठेवा. नुसता ठेवा. सोल्डर अजून नाही!

कारण आतली कड. रुळाचा माथा सगळेच बघतात, मीपण बघितला होता, वरून बोट फिरवलं तर एकदम गुळगुळीत, खूश होऊन सोल्डरचा डाग दिला. पण फ्लेंज, म्हणजे चाकाची खाली उतरलेली कड, घासते ती रुळाच्या आतल्या बाजूला, आणि जाड रुळाचा माथा नुसता उंच नसतो, रुंदही असतो. दोन्ही रूळ मधोमध जुळवले की जाडाची कड आत केसभर पुढे येते. बारीककडून जाडकडे जाताना फ्लेंज त्या पायरीला धडकून वर चढते, उलट दिशेने पायरी उतरती, म्हणून काही होत नाही. एकाच दिशेने डबे पडत असतील तर चाकं बदलत बसू नका, आतली कड बघा. नख फिरवा आतून, बोट नाही, नख, दोन्ही रुळांना, दोन्ही दिशांनी. अडलं तर बारीक रूळ पट्टीवर सरकवा, सपाट पट्टीचा हाच फायदा. तरी उरलं तर बारीक कानस. खऱ्या रेल्वेत ५२ ला ६० किलोचा रूळ जोडायला कॉम्बिनेशन फिशप्लेट (दोन मापांचे रूळ जोडणारी पट्टी) लावतात तिथेही माथा आणि आतली कडच जुळवतात, उंचीचा फरक खाली जातो.

सोल्डर करताना जोडाजवळचे दोन-तीन स्लीपर काढून ठेवा, प्लॅस्टिक आहे, वितळतं. रोझिनवाला फ्लक्स, ॲसिडवाला नको, नंतर गंजतो. रूळ आधी घासून स्वच्छ. सोल्डरिंगची इस्त्री चांगली तापलेली हवी, थंड इस्त्रीने जास्त वेळ टेकवलं तर उलट जास्त वितळतं. डाग दिल्यावर परत नख. आतून. हो, परत, सोल्डर थिजताना रूळ हलतो, आणि सोल्डरचा थेंब आत आला तर त्याचीही पायरीच होते.

बारीक रुळाच्या स्लीपरखाली व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे भरा, नाहीतर तो भाग अधांतरी राहतो आणि इंजिनाच्या वजनाने डाग तुटतो. एकदम संपवू नका, वीतभर लांब उतार द्या. किती कार्डं ते विचारू नका, स्लीपरची जाडी कंपनीप्रमाणे बदलते.

जोडाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या फीडर (रुळाला वीज देणाऱ्या) वायरी.

चाचणी: सगळ्यात लांब डबा, सगळ्यात हलका डबा, ओढून आणि ढकलून, दोन्ही दिशांनी. पडला तर कुठे बघायचं ते सांगितलंय.

खडी-डिंक सगळ्यात शेवटी, आधी टाकलीत तर खरवडत बसाल.