शेजारच्या घरी यंदा दिवाळी नसेल तर काय करायचं

दिवाळी जवळ आली की आपल्या ठाण्यात प्रत्येक बिल्डिंगमधे एक-दोन दारं अशी असतात जिथे कंदील लागत नाही. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी कळव्याच्या हॉस्पिटलात ॲडमिट असतं. आणि आपण लिफ्टमधे भेटलो की "काही लागलं तर सांगा हां" म्हणून मोकळे. कोणी सांगत नाही हो! त्यापेक्षा "उद्या जांभळी नाक्यावर चाललेय, तुमची भाजी आणू का?" असं नेमकं विचारा, त्याला हो म्हणणं सोपं जातं.

आधी फराळ. वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्या घरी तळणाची कढई चढवत नाहीत, फराळ शेजाऱ्यांनी नातेवाइकांनी न्यायचा, ही पद्धत आपल्याकडे आहेच. घोळ असा होतो की लक्ष्मीपूजनाला सगळे एकदम चिवडा घेऊन हजर आणि भाऊबीजेला कोणी फिरकतसुद्धा नाही. म्हणून मजल्यावरच्या दोघीतिघींनी आपसात वार वाटून घ्या, आणि फराळाबरोबर एखाद दिवस साधा वरणभात-भाजी द्या, कारण चार दिवस नुसती शंकरपाळी कोण खाणार. अजून एक, स्टीलचा डबा देऊ नका. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, मग ती बाई त्यात काय घालू या विचारात पडते. आइस्क्रीमचा जुना डबा बेस्ट, आणि "परत नको हां काकू" हे दारातच सांगून टाकायचं.

कुठला दिवस जड जाणार ते कोण गेलंय त्यावर असतं. नवरा गेला असेल तर पाडवा, कारण त्या दिवशी घरोघरी बायका नवऱ्याला ओवाळत असतात. भाऊ किंवा बहीण गेली असेल तर भाऊबीज. त्या दिवशी संध्याकाळी जाऊन बसा, अर्धा तास पुरे, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोललात तरी चालतं, बहुतेकांना ते हवंच असतं. "आता सावरा" तेवढं नको.

नोकरी गेलेल्या घराचं वेगळं, तिथे पैशाचा विषय चारचौघात निघाला की संपलंच. वॉचमन-मावशींची पोस्त गोळा करताना वहीत नाव-रक्कम लिहू नका, बिननावाची पाकिटं घ्या, पन्नास देणाऱ्याला पन्नास देता येतात. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर असेल तर निदान सणाचे दिवस काढा, कमिटीवाल्यांनो प्लीज. आणि त्या घरी कोणी फराळाच्या ऑर्डरी घेत असेल तर तिथूनच घ्या, अ‍ॅडव्हान्स देऊन, भावात घासाघीस न करता.

हॉस्पिटलात डबा द्यायचा असेल तर नरकचतुर्दशीच्या सकाळी गाडी काढू नका, दिवाळी पहाटमुळे तलावपाळी आणि राम मारुती रोडला पाय ठेवायला जागा नसते. कळव्याला जायचं तर ठाण्याहून एकच स्टेशन, लोकलने जा. रात्री पेशंटजवळ थांबणाऱ्याला मात्र जेवणापेक्षा बदली हवी असते, घरी जाऊन अंघोळ करून दोन तास झोपता आलं तरी खूप, तेव्हा जमत असेल तर ते द्या.

मुलं परदेशात असलेल्या आजी-आजोबांकडे अभ्यंगस्नानाच्या दिवशी आपल्या पोरांना पाठवा, तेल-उटणं घेऊन. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, आणि कोणी फारच खचलंय, जेवत नाही झोपत नाही असं दिसलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून लावून द्या. जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल तर एकटं सोडू नका, 112 ला फोन करा.

हे काहीही सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही, फोटो तर अजिबात नाही.

आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदा परत जा. पाहुणे गेलेले असतात आणि बँकेची, पेन्शनची कामं तशीच पडलेली असतात. मृत्यू दाखल्याच्या झेरॉक्स काढून फॉर्म भरायला बसा, बँकेत बरोबर जा, कारण तिथे एका खेपेत काम होत नाही.